गुडघा मुलीचा, प्रश्न मैदानाचा

(क्रीडाशिक्षिका, खेळाडू मुलींच्या आया आणि कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'खेळाडू मुलींच्या गुडघ्याच्या दुखापती' असा छापला आहे. तो वाचून एकजण मला म्हणाल्या, "हा तर डॉक्टरांचा विषय. आपल्या शिबिरात कशाला?" शंका रास्त आहे. तिचं उत्तर देण्याचाच मी प्रयत्न करणार आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळताना दुखापत झालेल्या मुली आणि मुलगे बरीच वर्षं माझ्याकडे येतात. शाळेत असताना मी स्वतः खो-खो खेळले. त्यामुळे मैदान आणि दवाखाना या दोन्ही जागा मला ठाऊक आहेत.

स्त्रियांच्या आरोग्याबद्दल आपण बोलतो तेव्हा पाळी, बाळंतपण, रक्तक्षय, अंगावरून जाणं हे विषय येतात. ते यायलाच हवेत. पण बाईला गुडघेही असतात! चाळिशी उलटून ते कुरकुरायला लागेपर्यंत त्यांची कुणी विचारपूस करत नाही. आज आपण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याबद्दल बोलू. ती कबड्डी खेळते, खो-खो खेळते, फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळते. तिचा गुडघा एका क्षणात निकामी होतो, आणि ही दुखापत बऱ्याच प्रमाणात टाळता येते. कशी टाळायची हे माहीत असूनही आपण ती टाळत नाही, म्हणून मी हा हक्काचा प्रश्न मानते.

गुडघ्यात काय तुटतं?

सगळ्याजणी आपापल्या गुडघ्यावर हात ठेवा. वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं. ही दोन हाडं एकमेकांत खोबणीसारखी घट्ट बसलेली नसतात, एकावर एक टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात त्या चिवट दोऱ्या, म्हणजे लिगामेंट्स. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना अस्थिबंध म्हणतो. सांध्याच्या अगदी आत अशा दोन दोऱ्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून जातात. त्यातली पुढची जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची असते. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळू न देणं हे तिचं काम. खेळाडू जिला 'एसीएल' म्हणतात ती हीच.

ती तुटते कशी ते पाहा. कबड्डीत चढाई करणारी मुलगी हूल देऊन झटकन वळते. खो-खोत एखादी नागमोडी पळताना एका पायावर दिशा बदलते, किंवा पाठलाग करणारी खांबाला हात घालून गर्रकन फिरते. बास्केटबॉलमध्ये उंच उडी मारून एका पायावर उतरते. पाऊल जमिनीत रोवलेलं, गुडघा जवळजवळ सरळ, आणि अंग मात्र वळलेलं. अशा वेळी गुडघा आत, दुसऱ्या गुडघ्याच्या दिशेनं कलतो आणि पिळला जातो. आत 'कट्' असं काहीतरी झाल्याचं मुलगी सांगते. काही तासांत गुडघा टम्म सुजतो. चारआठ दिवसांनी सूज उतरते, मुलगी चालायला लागते, पण वळताना गुडघा 'निसटतो'.

मैदानी खेळांत होणाऱ्या या दुखापतींपैकी दहांतल्या सुमारे सात वेळा कुणाचाही धक्का लागलेला नसतो. प्रतिस्पर्ध्याचा दोष नसतो, नशिबाचाही नसतो. उतरण्याची, थांबण्याची आणि वळण्याची पद्धत चुकलेली असते. आणि पद्धत ही शिकवता येणारी गोष्ट आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं बोलणं त्याच्यावर उभं आहे.

किंमत कोण मोजतं?

एका मुलीबद्दल सांगते. नाव, गाव सांगत नाही. दहावीत होती, जिल्ह्याच्या संघात चढाई करायची. सरावात पडली. गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, म्हणून 'मुका मार' असं सांगून गोळ्या दिल्या. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. घरी तेल लावून चोळलं. तीन आठवड्यांनी स्पर्धा होती, बँडेज बांधून तिला उतरवलं. गुडघा पुन्हा निसटला आणि या वेळी आतली कूर्चेची गादीही फाटली. माझ्याकडे आली तेव्हा सहा महिने उलटले होते. शस्त्रक्रियेचं बोलणं निघालं तेव्हा आईनं हलक्या आवाजात मला विचारलं, "मॅडम, वण दिसंल का हो? पुढं बघायला येतील तेव्हा अडचण नको." वडिलांचं मत ठरलेलं होतं, "खेळ बास झाला आता."

मी त्या आईला नावं ठेवत नाही. तिच्या जगात मुलीच्या पायावरचा वण हा खरोखरच जोखमीचा मामला आहे. पण हिशेब बघा. फाटलेली ही दोरी सहसा आपोआप नीट जुळून येत नाही. पुन्हा मैदानी खेळ खेळायचा असेल तर बहुधा मांडीच्या मागच्या किंवा गुडघ्याच्या पुढच्या कंडरेचा तुकडा घेऊन नवी दोरी बसवावी लागते. त्यानंतर किमान नऊ महिने नेमानं व्यायाम. घाईनं मैदानात उतरलं तर ती पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. मैदानावर परतणाऱ्या कोवळ्या वयाच्या खेळाडूंपैकी जवळजवळ चौघांत एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा अशी दुखापत होते, असं जगभरच्या नोंदी सांगतात. आणि दहा-वीस वर्षांनी यांच्यातल्या अनेकांच्या गुडघ्यात संधिवाताची झीज दिसू लागते. म्हणजे पंधराव्या वर्षी दुखापत झालेली मुलगी तिशी-पस्तिशीतच जिना चढताना कठड्याला धरणार.

याच्या जोडीला खेळाबरोबर येणाऱ्या संधीही जातात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पोलीस आणि रेल्वे खेळाडूंना घेतात. शेतमजुराच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या मुलीसाठी कबड्डी ही घराबाहेर पडण्याची, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची वाट असते. 'पायावर उभं राहणं' हे आपण किती सहज म्हणतो, नाही का? इथे ते शब्दशः खरं आहे.

विनेश फोगाटचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व कुस्तीत तिचा गुडघा जायबंदी झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात डाव्या गुडघ्याचं हेच लिगामेंट दुखावलं. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धा हुकल्या. तरी २०२४ साली पॅरिसमध्ये तिनं अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. तिची जिद्द मोठी, पण तिच्या मागे शल्यविशारद, फिजिओ, आहारतज्ज्ञही होते. तालुक्याच्या मुलीमागे यांतलं कुणी नसतं. म्हणून तिच्यासाठी तर दुखापत होऊच न देणं जास्त महत्त्वाचं.

दोष शरीराचा?

फुटबॉल, बास्केटबॉल अशा एकसारख्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होते. हे कळलं की लगेच कारणं सांगितली जातात: बाईची कंबर रुंद, गुडघ्यातली खाच अरुंद, संप्रेरकांमुळे सांधे सैल. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचं शरीरच खेळासाठी घडलेलं नाही. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. शिक्षणाच्या वेळी मेंदू लहान म्हणाले, आता गुडघा नाजूक म्हणतात.

शरीरात फरक आहेत, ते मी नाकारत नाही. पण लहान मुला-मुलींमध्ये या दुखापतीत फारसा फरक दिसत नाही. तो वाढतो बाराव्या-तेराव्या वर्षापासून. या वयात काय होतं? उंची भराभर वाढते, वजन वाढतं. मुलांच्या अंगात संप्रेरकांमुळे स्नायूंचं बळ आपसूक भरतं. मुलींना ते व्यायामानं कमवावं लागतं. आणि नेमक्या याच वयात आपण तिला काय सांगतो? 'उड्या मारू नकोस. पाय जवळ घेऊन बस. आता तू मोठी झालीस.' तिचा भाऊ झाडावर चढतो, भिंतीवरून उड्या मारतो, शंभर वेळा पडतो आणि उतरायचं कसं ते त्याचं शरीर शिकतं. ती घरात भांडी घासते. मग एक दिवस शाळेचा संघ निवडायचा म्हणून तिला थेट मैदानात उभं करतात.

२०२१ साली जोॲन पार्सन्स, स्टेफनी कोएन आणि शेरी बेकर या तीन संशोधक बायकांनी क्रीडावैद्यकाच्या एका नामवंत ब्रिटिश नियतकालिकात हाच मुद्दा मांडला. दुखापतीचं कारण फक्त मुलीच्या शरीरात शोधू नका, तिच्या भोवतालातही शोधा, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून तिला हालचालीची किती मोकळीक होती? ताकदीचा व्यायाम शिकवला का? सरावाला जागा, साधनं, प्रशिक्षक मिळाले का? आपल्या चळवळीला हे नवीन नाही. फक्त गुडघ्यापर्यंत ते पोचायला वेळ लागला.

शिकवलं तर काय होतं?

१९९९ साली अमेरिकेत सिनसिनाटी इथल्या टिमोथी ह्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३६६ मुलींना हंगामाआधी सहा आठवडे उड्या मारण्याचं आणि नीट उतरण्याचं शिक्षण दिलं. ४६३ मुलींना दिलं नाही. तुलनेसाठी ४३४ मुलगे होते. शिक्षण न मिळालेल्या मुलींमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण शिक्षण मिळालेल्या मुलींच्या ३.६ पट निघालं. शिकलेल्या मुली मुलांच्या जवळपास येऊन पोचल्या. कंबर तीच, संप्रेरकं तीच. सहा आठवड्यांत बदललं ते फक्त शिक्षण.

त्यानंतर २०१२ साली स्वीडनमधला मोठा अभ्यास आला. २३० फुटबॉल क्लब, १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुली. निम्म्याच्या आसपास क्लबांत प्रशिक्षकांनी आठवड्यातून दोनदा, सरावाआधी पंधरा मिनिटं, सहा व्यायाम करून घेतले. त्या क्लबांत या लिगामेंटच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. ना यंत्रं, ना जिम. २०१८ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही धक्क्याशिवाय होणाऱ्या दुखापती मुलींमध्ये सुमारे दोन-तृतीयांशानं कमी होतात असं दिसलं. सगळ्या दुखापती टळत नाहीत. पकडीत पाय अडकून कुणी अंगावर पडलं तर गुडघा जाऊ शकतो. पण तिघींतल्या दोघी वाचणार असतील तर अजून कशाची वाट बघायची?

नॉर्वेतल्या महिला हँडबॉलची गोष्टही सांगायला हवी. तिथे १९९८-९९ च्या हंगामात अशा २९ दुखापती झाल्या. व्यायाम सुरू केल्यावर दुसऱ्या हंगामात त्या १७ वर आल्या. पुढे पाठपुरावा थांबला, व्यायाम मागे पडला आणि दुखापती पुन्हा वाढल्या. देशभर पुन्हा नेट लावला तेव्हा त्या परत कमी झाल्या. म्हणजे ही लस नव्हे, एकदा टोचली आणि झालं. दात घासण्यासारखं आहे, रोजच्या रोज.

हे खेळ परदेशी आहेत, पण गुडघा तोच. उतरणं, थांबणं, वळणं या तीन गोष्टी कबड्डीत आणि खो-खोत तर क्षणोक्षणी येतात.

ते सहा व्यायाम

स्वीडनमधले सहा व्यायाम सांगते. लिहून घ्या.

पहिला, एका पायावर बैठक. अर्धीच, सावकाश. दुसरा, उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर वर उचलणं. यानं नितंब आणि मांडीच्या मागचे स्नायू बळकट होतात. मागचे हे स्नायू नडगीला मागे खेचून धरतात, म्हणजे आपल्या दोरीच्या मैत्रिणीच त्या. तिसरा, दोन पायांवर बैठक. चौथा, कोपर आणि पायाची बोटं टेकून शरीर फळीसारखं सरळ धरणं. पाचवा, लांब पाऊल पुढे टाकून खाली बसणं आणि उठणं. सहावा, उडी मारून नीट उतरणं. प्रत्येक व्यायाम सोप्याकडून अवघडाकडे न्यायचा. दोघीदोघींच्या जोड्या लावल्या तर मुली एकमेकींना दुरुस्त करतात आणि कंटाळतही नाहीत.

संख्येपेक्षा पद्धत महत्त्वाची. समोर उभं राहून बघा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे ना? आत ढळतोय का? उतरताना गुडघा आणि कंबर दोन्ही वाकतात ना? मुलींना शरीरशास्त्र सांगत बसू नका. 'मांजरासारखी उतर, आवाज येता कामा नये' एवढं सांगा. धप्प आवाज आला की पुन्हा. डोळे मिटूनसुद्धा तुम्हाला कळेल कोण नीट उतरली ते.

एवढा सराव कशासाठी? पाय टेकल्यापासून सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात ही दोरी तुटते. तेवढ्यात विचार करायला सवड नसते. शरीराला आधीच सवय लागलेली असेल तरच गुडघा वाचतो. ही सवय बारा-तेराव्या वर्षीच लावायला घेतली तर उत्तम.

आणि ताकद वाऱ्यावर येत नाही. डाळ, उसळ, अंडं, दूध यांतलं काही तिच्या ताटात पडायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. भावाला अंडं आणि तिला 'उरलं तर', असं ज्या घरात चालतं तिथे मैदानावरच्या पंधरा मिनिटांनी सगळं भागणार नाही.

पंधरा मिनिटं कुणाच्या वाट्याची?

आता मूळ मुद्द्यावर येते. पैसा लागत नाही, यंत्रं लागत नाहीत, तरी हे होत का नाही? कारण लागतो तो वेळ, आणि मुलींकडे वेळच नसतो. पाणी भरून, धाकट्याला सांभाळून ती मैदानावर पोचते तोवर उशीर झालेला असतो. बऱ्याच ठिकाणी मैदान आधी मुलांना मिळतं. मुलींच्या वाट्याला शेवटचा अर्धा तास येतो. अंधाराआधी घरी पोचायचं असतं. वेळ कमी पडला की सर्वांत आधी काय कापतात? हे तयारीचे व्यायाम. 'चला, लगेच डाव सुरू करू!' म्हणजे ज्यांना या पंधरा मिनिटांची गरज जास्त, त्यांचीच पंधरा मिनिटं जातात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी तो जिंकला. पेढे वाटले, हारतुरे झाले. आनंदच आहे. पण हार घालणाऱ्यांना आपण एवढं विचारू या की, तुमच्या गावातल्या शाळेत मुलींना मैदान किती वाजता आणि किती वेळ मिळतं?

म्हणून आपापल्या ठिकाणी करण्यासारखी चार कामं सुचवते. शाळा व्यवस्थापन समितीत आणि पालक सभेत मैदानाचं वेळापत्रक मागा, आणि मुलींच्या सरावाच्या वेळात हे व्यायाम लिहून घ्या. क्रीडाशिक्षिकांनी स्पर्धा जवळ आल्या तरी ते कापायचे नाहीत असा नेम करावा. मुलीचा गुडघा पिळून सुजला तर चोळू नका, बर्फ लावा, खेळ थांबवा आणि एक्स-रे चांगला आला तरी अस्थिरोगतज्ज्ञांना लिगामेंट तपासायला सांगा. आणि चौथं, पाळी आली म्हणून मुलीला मैदानातून घरी बसवू नका. तिला खेळायचं असेल तर तो तिचा निर्णय.

घरी एक गोष्ट पक्की सांगा. मुलीला दुखापत होईल म्हणून तिला खेळू न देणं हा उपाय नव्हे. रस्त्यावर धोका आहे म्हणून मुलींनी घरात बसावं, या जुन्या सल्ल्याचाच तो प्रकार आहे. तो आपण रस्त्याबाबत मानला नाही, मैदानाबाबतही मानायचं कारण नाही.

प्रश्न असतील ते जेवणानंतर घेऊ, पण बसून नाही. मागच्या पटांगणात जमू या. सहाही व्यायाम मी करून दाखवते आणि तुमच्याकडूनही करून घेते. आयांनीही यायचं आहे. पदर खोचा, चपला बाजूला काढा, आणि ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी मला आधी सांगा. त्यांना सोपे प्रकार देईन, पण सोडणार कुणालाच नाही!